तीन नंबरचा बावटा

सकीना होडेकरच्या उजव्या अंगठ्यात
कोळंबीचं टोक घुसलं, त्याला आज एकेचाळीस दिवस.
मिरकरवाड्यात सोलणाऱ्या बायकांना ते रोजच घुसतं.
हळद दाबतात, चौथ्या दिवशी विसरतात.
हिचा अंगठा विसरत नाही.

साखर पाहिली : ब्याण्णव.
पांढऱ्या पेशी सात हजार चारशे.
मशीनवर माझा भरवसा नाही, वीज सारखी जाते,
म्हणून काचपट्टीवर स्वतः शंभर मोजल्या.
शंभर भरल्या की काउंटर टिंग करतो.
एकसष्ट, तीस, सहा, तीन, शून्य.
सगळ्या हजर.
हजेरीपटावर सही करून
कामाला न गेलेल्या.

"मग हाय तरी काय?"
रिपोर्टात त्याचा रकाना नाही.

घरी नवरा. तांडेल होता,
आता अर्ध्या अंगाने खाटेवर.
दोनला एकदा कूस बदलायची, चारला एकदा,
साडेचारला जेटी.
हे तिने मला सांगितलं नाही.
सुई टोचत होते तेव्हा
तोंड फिरवून भिंतीला सांगितलं.

सकीनाबी, मी बोलले नाही ते इथे लिहिते.
बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला
की होड्या नांगरावर,
आणि जाळी सांधणारेसुद्धा हातातली सुई ठेवून
आभाळाकडे बघत बसतात.
तुझ्या डोक्यातून रोज रात्री दोनला
एक निरोप्या सुटतो, नॉरअॅड्रेनॅलिन नावाचा :
ऊठ, ऐक, श्वास चालू आहे का त्याचा.
मागोमाग कॉर्टिसॉल, सगळ्या धक्क्यावर ओरडत :
डागडुजी नंतर, आधी वादळ.
वादळ येत नाही.
बावटा उतरवायला कुणी जात नाही.
अंगठ्याच्या काठाशी
सांधणाऱ्या पेशी बसून आहेत,
सात महिने झाले.

आणि दुसराही एक निरोप असतो,
मला तो जास्त आवडतो.
मेंदू स्वतः कधी पानथरीपर्यंत येत नाही.
किनाऱ्याचा वायरलेस लांबच्या होडीला लागत नाही ना,
मग मधली होडी ऐकते
आणि आपल्या तोंडाने पुढे सांगते, तसं.
मज्जातंतूचं टोक पानथरीत काही पुटपुटतं,
तिथली एक साधी रक्तपेशी ते ऐकते
आणि मेंदूचाच शब्द, अॅसिटिलकोलीन,
स्वतः घडवून आगलाव्या पेशींच्या कानात घालते :
पुरे.
आता पुरे.
रक्तातल्या पेशीला मेंदूची भाषा कुणी शिकवली
हे मी रात्री जेवताना विचारलं.
घरचे म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

माझ्याही ओठावर
तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी पुळी उठते.
विषाणू लहानपणापासून नसेत झोपलेला.
त्याला तारीख कोण कळवतं?

बावन्नाव्या दिवशी ती परत आली.
राजिवड्याहून नणंद आलीय, कुलसुम,
आठ रात्री तीच उठते.
"मलम बरा होता हां तुमच्या डॉक्टरचा."
मी हो म्हटलं.
काठ गुलाबी झालाय की ट्यूबलाइटच तशी आहे,
मला नीट ठरवता येईना.
रक्त घेतलं, थांबा म्हटलं,
ती बाकावर बसली, आणि बसल्या बसल्या
झोपली.
अंगठा वर धरून,
कुणाला तरी थांब म्हणावं तसा.
बाहेर बर्फाचा टेम्पो रिकामा होत होता,
लाद्या दणादणा पडत होत्या.
ती हलली नाही.

मी डोळा लावला, मोजत गेले.
एकोणसाठ, एकतीस, सहा, तीन.
आकडे जवळजवळ तेच. आकड्यांना काही कळलेलं नाही.
नव्व्याण्णववर बोट थांबवलं.
शंभरावी पेशी समोर दिसत होती, गोल, शांत,
ती मनात धरली,
बटण दाबलं नाही.